कुर्रतुल-ऐन ताहिरा : काव्य, नाममुद्रा आणि अनुवाद

फारसी काव्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. परंतु त्या परंपरेत स्त्रियांची नावे शोधू गेल्यास फार थोडी हाती लागतात. दहाव्या शतकातील राबिया बल्खी आणि बाराव्या शतकातील महसती गंजवी या दोघींविषयी आख्यायिकाच अधिक, कविता कमी. चौदाव्या शतकात, हाफिझच्याच शिराझ शहरात, जहान मलिक खातून नावाची राजकुलातील स्त्री होऊन गेली. तिचा भलामोठा दिवाण मात्र सुदैवाने टिकला. विसाव्या शतकात परवीन एतेसामी (१९०७–१९४१) आणि फरूग फर्रुखजाद (मृत्यू १९६७) यांच्यापासून इराणी स्त्रीच्या काव्याचा प्रवाह अखंड वाहू लागला. या दोन टोकांच्या मधोमध, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, एक नाव असे आहे की ज्याचा उच्चार इराणात पुष्कळ काळ दबक्या आवाजात होत असे आणि इराणाबाहेर मात्र मोठ्या आदराने. ते नाव म्हणजे कुर्रतुल-ऐन ताहिरा.

ताहिरेविषयी आजवर जे लिहिले गेले त्याचा बहुतांश तिच्या मरणाविषयी आहे. आम्हांस तिच्या कवितेविषयी लिहावयाचे आहे. परंतु तिच्या जीवनाची रूपरेषा दिल्यावाचून कवितेचे कोडेही उलगडणार नाही.

तिचा जन्म कझवीन येथील बरगानी या विद्वान धर्मपंडितांच्या घराण्यात झाला. जन्मवर्ष कोणी १८१४ देतात, कोणी १८१७. पिता मुल्ला मुहंमद सालेह आणि चुलता मुल्ला मुहंमद तकी हे दोघेही गावातील वजनदार मुज्तहिद, म्हणजे धर्मशास्त्राचा निर्णय देण्याचा अधिकार असलेले पंडित. पित्याने मुलीस कुराण, हदीस, न्यायशास्त्र, अरबी व फारसी वाङ्मय हे सर्व शिकविले. त्या काळच्या कझवीनमध्ये मुलीने इतके शिकावे ही गोष्ट दुर्मीळ खरीच. पण त्या घरात विद्येची हवाच अशी होती की ती स्त्रियांच्या दालनापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नसे. पुढे चुलत्याच्याच मुलाशी तिचा विवाह झाला. नवऱ्याच्या शिक्षणानिमित्त काही वर्षे ती करबला येथे राहिली, मुलेबाळे झाली.

घराण्यातील तेढ येथूनच सुरू होते. त्या वेळी शिया पंथीयांत शेख अहमद अहसाई यांच्या शिकवणीने एक नवी लाट आणली होती. शिया श्रद्धेप्रमाणे बारावे इमाम हिजरी २६० मध्ये दृष्टिआड झाले आणि काळाच्या अंती ते पुन्हा प्रकट होणार आहेत. त्या प्रकटीकरणाचा काळ आता समीप आहे, असा भाव अहसाई आणि त्यांचे शिष्य सय्यद काझिम रश्ती यांच्या अनुयायांत प्रबळ होता. चुलते मुल्ला तकी यांनी याच अहसाईंना पाखंडी ठरविले होते. आणि त्यांच्याच सुनेने नात्यातील मुल्ला जवाद यांच्या ग्रंथसंग्रहातून अहसाई व रश्ती यांची पुस्तके वाचली, रश्ती यांच्याशी पत्रव्यवहार केला! रश्ती यांनी तिला ‘कुर्रतुल-ऐन’ ही पदवी दिली. शब्दशः अर्थ ‘डोळ्यांचा गारवा’. आपल्याकडे ज्याला पाहून डोळे निवतात असे म्हणतात, नेमके तेच.

गुरूच्या भेटीच्या ओढीने ती पुन्हा करबलेस निघाली. पण ती पोहोचण्यापूर्वीच रश्ती वारले होते. तेव्हा गुरूच्याच घरी राहून, पडद्याआड बसून, तिने त्यांच्या शिष्यांना शिकविण्यास आरंभ केला. २३ मे १८४४ रोजी, म्हणजे हिजरी १२६० साली, दृष्टिआड झालेल्या इमामांच्या बरोबर हजाराव्या चांद्रवर्षी, शिराझमध्ये सय्यद अली मुहंमद या तरुण व्यापाऱ्याने आपण ‘बाब’, म्हणजे दरवाजा, असल्याचे जाहीर केले. त्याच्या पहिल्या अठरा शिष्यांत ताहिरा ही एकटी स्त्री. तिने बाबाला कधीच प्रत्यक्ष पाहिले नाही. बहिणीच्या यजमानांच्या हाती पत्र धाडून तिने आपली श्रद्धा कळविली. ज्याला पाहिले नाही त्याच्या मुखदर्शनाची तळमळ हा तिच्या नावावरील कवितांचा गाभा आहे, हे येथेच लक्षात ठेवावे.

यानंतरची काही वर्षे वादविवादांची आणि स्थानबद्धतेची. बगदादला तिला काही काळ तेथील मुफ्ती महमूद अल-आलूसी यांच्या घरी ठेवण्यात आले. कुराणावरील ‘रूहुल-मआनी’ या थोर भाष्याचे हे कर्ते, सुन्नी विद्वान, तिच्या मतांशी असहमत. तरीही तिच्या विद्वत्तेविषयी त्यांनी आदराने लिहून ठेवले आहे, आणि प्रतिपक्षाने दिलेली साक्ष म्हणून आम्ही तिला अधिक मोल देतो. १८४७ साली ती इराणला परतली. त्याच वर्षी कझवीनच्या मशिदीत मुल्ला तकी यांची हत्या झाली. तिचा या कृत्याशी संबंध सिद्ध झाला नाही, परंतु संशयाची तलवार डोक्यावर लटकू लागली आणि नवराच आरोपकर्ता झाला. मिर्झा हुसेन अली नूरी, जे पुढे बहाउल्ला या नावाने ओळखले गेले, त्यांच्या साहाय्याने ती तेहरानला निसटली.

१८४८ च्या उन्हाळ्यात शाहरूदजवळील बदश्त या खेड्यात सुमारे ८१ बाबी एकत्र जमले. जुन्या धर्मशास्त्राच्या चौकटीत राहावे की नवे युग उगवले असे मानून ती चौकट ओलांडावी, हा तेथील वादाचा विषय. एके दिवशी ताहिरा चेहऱ्यावरील पडदा काढून पुरुषांच्या सभेत आली. सभा हादरली. अब्दुल खालिक नावाच्या एका अनुयायाने ते दृश्य असह्य होऊन स्वतःच्याच गळ्यावर सुरी फिरविली, असे परंपरा सांगते. काहीजण पंथ सोडून गेले. ‘ताहिरा’, म्हणजे शुद्ध, पवित्र, हे नाव याच सुमारास रूढ झाले. ज्या क्षणी लोकांनी तिच्या शीलावर शिंतोडे उडविले त्याच क्षणी तिला हे नाव मिळावे, यात नामकरण करणाऱ्यांचा हेतू स्पष्ट दिसतो.

बदश्तची ही सभा आणि अमेरिकेतील सेनेका फॉल्स येथे १९ व २० जुलै १८४८ रोजी भरलेली स्त्रीहक्कांची परिषद या दोहोंचा मेळ घालण्याचा मोह पुढील अनेक लेखकांना आवरलेला नाही. योगायोग सुंदर आहे, पण तो योगायोगच. सेनेका फॉल्सच्या स्त्रिया मताधिकार आणि मालमत्तेचा हक्क मागत होत्या. ताहिरेची भाषा वेगळी होती. तिच्या दृष्टीने पुनरुत्थानाचा दिवस उजाडला होता, कर्णा फुंकला गेला होता, आणि त्या दिवशी जुने विधिनिषेध आपोआप गळून पडतात हे तिला दाखवावयाचे होते.

येथे फारसी कवितेचा संदर्भ ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. सूफी काव्यात प्रियतमाच्या मुखावरील पडदा ही शेकडो वर्षे घासून गुळगुळीत झालेली प्रतिमा आहे. प्रियतम म्हणजे परमेश्वर; पडदा म्हणजे सृष्टी, अहंकार, शास्त्र, जे जे काही मधे येते ते; आणि पडदा दूर होणे म्हणजे साक्षात्कार. प्रत्येक कवी ही प्रतिमा वापरी आणि कोणाचीही मान वळत नसे. ताहिरेने ही प्रतिमा कागदावरून उचलली आणि भर सभेत आपल्या देहाने उच्चारली. जी गोष्ट गझलेत सर्वांना पाठ होती ती डोळ्यांसमोर घडताच पाठ म्हणणाऱ्यांचीच घाबरगुंडी उडाली. तिच्या काव्याचा अभ्यास करणाऱ्याने हा क्षण कायम समोर ठेवावा, असे आम्हांस वाटते. कारण यानंतर तिच्या ओळींतील ‘पडदा’ हा शब्द कोणालाच निव्वळ अलंकार म्हणून वाचता येत नाही.

बदश्तनंतर ती पकडली गेली. ९ जुलै १८५० रोजी तबरीझ येथे बाबाला गोळ्या घालण्यात आल्या. तेहरानात महमूद खान कलांतर या नगरप्रमुखाच्या घरी ताहिरा नजरकैदेत होती. १५ ऑगस्ट १८५२ रोजी काही बाबींनी नासिरुद्दीन शहावर गोळी झाडली. शहा बचावला आणि बाबींची कत्तल सुरू झाली. त्या लाटेत ताहिराही गेली. कशी गेली, याविषयी मात्र साक्षी जुळत नाहीत. बहाई परंपरेप्रमाणे तिला रात्री इलखानी बागेत नेले, रेशमी रुमालाने गळा आवळला आणि देह विहिरीत टाकून वर दगडमाती लोटली. फ्रेंच मुत्सद्दी गोबिनो तिला जाळल्याचे लिहितो. ऑस्ट्रियन वैद्य याकोब पोलाक, जो पुढे शहाचा खासगी वैद्य झाला, आपण त्या वधाला साक्षी होतो असे १८६५ च्या ग्रंथात म्हणतो आणि तिच्या धैर्याने थक्क होतो. तिची कबर नाही. चेहऱ्याचे खात्रीलायक चित्र नाही. स्त्रीमुक्तीविषयी तिचे म्हणून जे शेवटचे वाक्य जगभर सांगितले जाते, ते मुख्यतः विसाव्या शतकातील लेखनातून पसरले.

चेहरा नाही, कबर नाही. उरली ती कविता. आणि येथेच खरी अडचण उभी राहते.

तिच्या हयातीत तिची एकही कविता संग्रहरूपाने छापली गेली नाही. जप्ती, छळ, घराण्याची लज्जा आणि अनुयायांची पांगापांग यांतून जे वाचले ते खासगी वह्यांत किंवा कोणाच्या तरी स्मरणात. मूळ संहिता निश्चित होण्यापूर्वीच तिची कीर्ती युरोपात पोहोचली. गोबिनोचा ग्रंथ १८६५ चा. तो वाचून युरोप तिच्या कथेने भारावला. १८७४ साली व्हिएन्नात मारी फॉन नायमायर या कवयित्रीने तिच्यावर जर्मनमध्ये दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. म्हणजे ताहिरेवरील काव्य युरोपात छापून तयार, आणि ताहिरेचे काव्य मात्र अजून कोणाच्या हाती नाही! इतिहासात असा उलटा क्रम क्वचितच आढळतो.

ते काव्य युरोपीय वाचकांसमोर ठेवण्याचे श्रेय केंब्रिजचे एडवर्ड ब्राउन यांना द्यावे लागेल. १८८७–८८ मध्ये ते इराणभर फिरले, बाबींच्या घरी राहिले, वह्या मिळविल्या, नकला करून घेतल्या. १८८९ पासूनच्या लेखांत आणि पुढे १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाबी साहित्यविषयक साधनग्रंथात त्यांनी तिच्या नावावरील काही रचना मूळ फारसीसह व इंग्रजी पद्यानुवादासह दिल्या. ब्राउन यांचे मन तिच्या बाजूने होते हे पदोपदी जाणवते. तरीही त्यांनी वाचकांना बजावून ठेवले की या कविता तिच्या ‘नावावर’ आहेत. त्या तिच्याच आहेत असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यांतील एक रचना तर तिच्या आधीच्या पिढीतील, लार गावच्या सुहबत नामक कवीच्या दिवाणात सापडते. प्रेमात पडलेला संशोधक असा सावध राहतो तेव्हा त्याचा सावधपणा दुप्पट विश्वासार्ह असतो.

पण सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण तिच्या नावाने सर्वाधिक प्रसिद्ध असलेल्या गझलेचे. प्रियतमाचा चेहरा दिसावा म्हणून भटकणाऱ्या जीवाची ही गझल भारत-पाकिस्तानातील उर्दू रसिकांनाही पाठ असते. हिचे वैशिष्ट्य म्हणजे एकच शब्द मध्ये छोटासा प्रत्यय घालून दोनदा येतो, आणि अशा जोड्यांची माळ ओळीमागून ओळीत गुंफली जाते. इंग्रजी अनुवादकाला यासाठी वाकडी वाट करावी लागते. मराठी वाचकाला मात्र हे घरचे वाटेल, कारण क्षणोक्षणी, पदोपदी, रोमरोमी अशा द्विरुक्त शब्दांची आपल्या भाषेत खाणच आहे. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जावेदनामा’ या फारसी महाकाव्यात महंमद इक्बाल यांनी आपल्या आकाशयात्रेत गुरूच्या गोलावर मन्सूर हल्लाज, गालिब आणि ताहिरा यांची भेट घडविली आणि तेथे हीच गझल तिच्या मुखी घातली. इक्बाल स्वतः बाबीही नव्हते, बहाईही नव्हते. त्यांच्यासारख्या कवीने स्वर्गातच ती तिला बहाल केल्यावर पृथ्वीवरील वाद कोण ऐकणार?

तरी तो ऐकला पाहिजे. काही अभ्यासक ही गझल तिच्या पूर्वीच्या एका कवीची मानतात. वादाचे मूळ शेवटच्या द्विपदीतील नाममुद्रेत आहे. ‘ताहिरा’ हे स्त्रीचे नाव आणि ‘ताहिर’ या पुरुष-नावाचे ‘हे ताहिर’ असे संबोधन, यांत फारसी लिपीत केवळ शेवटच्या अक्षराचा फरक पडतो. नकलकाराच्या बोरूने एक वळण बदलले की गझल एका कवीकडून दुसऱ्याकडे जाते. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. ‘नामा’ ही मुद्रा असलेले किती अभंग नामदेवांचे आणि किती विष्णुदास नामा यांचे, हा गुंता आपल्या संशोधकांना अजून पुरता सुटलेला नाही.

मग तिचे असे निश्चित काय उरते? अरबी व फारसी गद्यातील तिची पत्रे आणि वादपर लेखन यांविषयी शंका कमी आहे. दुर्दैवाने त्यांना वाचक कमी. काव्यात, अरबी आणि फारसी ओळी एकमेकींत विणलेल्या, ‘कामिल’ या फारसीत विरळ वापरल्या जाणाऱ्या वृत्तातील काही रचना आहेत. पावलांचा ठेका धरून एखादी मिरवणूक यावी तसे हे वृत्त चालते. मुखाचे तेज फाकले आहे, सर्व जीवांना बोलावणे आले आहे, आता उशीर का, असा त्यांतील आवेग. ज्यांनी पवित्र शास्त्रातील गीतरत्न वाचले आहे त्यांना त्यातील प्रणयाची बोली परकी वाटणार नाही. परंतु गीतरत्नातील वधू रात्री गावभर प्रियकराला शोधत फिरते, आणि येथील आवाज मात्र पहाट झाली म्हणून इतरांना हाक मारून उठवितो.

विसाव्या शतकातील प्रसाराचे काम अधिक भक्तिभावाने झाले. अमेरिकन पत्रकार मार्था रूट यांनी तिचे चरित्र लिहिले आणि ते १९३८ मध्ये आपल्याच उपखंडात, कराचीत, प्रसिद्ध केले. त्यात तिच्या नावावरील कविताही आहेत. पुस्तक भक्ताचे आहे, चिकित्सकाचे नाही. १९९२ मध्ये फर्जाने मिलानी यांनी इराणी लेखिकांवरील आपल्या ग्रंथात ताहिरेला त्या परंपरेच्या उगमाशी स्थान दिले, तेव्हा पंथाबाहेरच्या वाङ्मयीन चर्चेतही तिचा गंभीरपणे प्रवेश झाला.

खरे अनुवादाचे युग मात्र एकविसाव्या शतकात अवतरले. २००२ मध्ये जॉन हॅचर आणि अमरुल्ला हिम्मत यांनी तिच्या कवितांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. त्यानंतर अप्रसिद्ध हस्तलिखितांच्या आधारे २००८ आणि २०११ मध्ये आणखी दोन खंड आले. २००८ च्या खंडातील शीर्षक-रचना दीर्घ आहे: मानवजातीच्या परिपूर्णतेचा दिवस पाहण्याची आदमाची इच्छा, आणि त्या दिवसाकडे जाणारी प्रेषितांची मालिका. ही ताहिरा गझलेतील विरहिणीहून फार वेगळी आहे. ती युक्तिवाद करते, शास्त्रार्थ करते. ओळ कधी कधी जड होते, पण विचार ढळत नाही. बरगानी घराण्याची मुलगी येथे स्वच्छ ओळखू येते. दरम्यान लॉस एंजेलिसमध्ये अमीन बनानी, अमेरिकन कवी जॅशा केसलर आणि अँथनी ली या तिघांनी आपली निवड प्रसिद्ध केली. बनानी आणि केसलर यांनी त्यापूर्वी १९८२ मध्ये फरूग फर्रुखजाद यांच्या कविता इंग्रजीत आणल्या होत्या; म्हणजे इराणच्या अगदी आधुनिक कवयित्रीकडून ते मागे चालत ताहिरेपर्यंत आले.

हे अनुवाद शेजारी ठेवून वाचले असता गंमत वाटते. ब्राउन यांनी यमके सांभाळली आणि व्हिक्टोरियन इंग्रजीचा पोशाख चढविला; आज तो किणकिणतो. केसलर-बनानी यांच्या ओळी आधुनिक कवितेसारख्या श्वास घेतात, मात्र मूळचे नादमय पैंजण त्यांना उतरवून ठेवावे लागले. हॅचर-हिम्मत टीपांतून प्रत्येक संकेताचा पंथीय अर्थ सांगतात. विद्यार्थ्याला त्या टीपा हव्याच, पण प्रियतम कोण हे तळटीपेत निश्चित झाले की गझलेचे दार थोडे लोटले जाते, असे आमचे मत आहे. अनुवादकही श्रद्धावान आहेत. त्यांना ते दार उघडे ठेवणे कदाचित अपुरे वाटत असेल.

मूळ अडचण व्याकरणाची आहे. फारसीत लिंगभेद नाही. तो, ती, ते या सर्वांसाठी एकच सर्वनाम. क्रियापदही लिंगानुसार बदलत नाही. त्यामुळे फारसी गझलेतील प्रियतम पुरुष, स्त्री, गुरू की परमेश्वर, हे भाषा सांगत नाही. आणि बोलणारा ‘मी’ पुरुष की स्त्री, हेही ती सांगत नाही! इंग्रजी अनुवादकाला निदान ‘तो’ की ‘ती’ आणि मोठे अक्षर की लहान, एवढे तरी ठरवावेच लागते. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, तो एक पेच आपला सुटला. ‘तू’ ही आपली भक्तीचीच बोली, तोही सुटला. पण पुढे मराठीची खरी परीक्षा आहे.

आम्ही यांतील काही रचना इंग्रजी अनुवाद आणि फारसी कोश यांच्या साहाय्याने मराठीत उतरवून पाहिल्या आहेत. शब्द ओळखीचे भेटतात आणि चकवतात. ‘गरीब’ म्हणजे तेथे परका, घरापासून दूर पडलेला, निर्धन नव्हे. ‘तमाशा’ म्हणजे डोळे भरून पाहणे. सूफी कवितेत त्याला आपला ‘दर्शन’ हा शब्दच शोभतो. हे सारे कोशाने निभावते. ‘मी’ निभावत नाही. मराठीत ‘मी आले’ किंवा ‘मी आलो’ यांतील एक निवडल्यावाचून पुढे पाऊल पडत नाही. आता समजा, त्या वादग्रस्त गझलेचा आम्ही ‘मी आले’ असा अनुवाद केला. उद्याचा वाचक म्हणेल, ‘पहा, येथे तर स्त्रीच बोलते आहे, मग शंका कसली?’ ज्या प्रश्नाचे उत्तर मूळ भाषेत नाही, त्याचा पुरावा अनुवादातून तयार होईल. आणि ‘मी आलो’ लिहावे, तर जिला कबरही मिळाली नाही तिच्याकडून ही एक गझलही आम्ही आपल्या हाताने काढून घेतली असे होईल.

मराठी व्याकरणात पळवाटा आहेत. भविष्यकाळात ‘मी येईन’ म्हणता येते. ‘मला दिसले’, ‘मी पाहिले’ यांतही कर्त्याचे लिंग झाकलेले राहते. पण सगळी कविता अशा आडवाटेने नेली तर तिचे पाय दुखतात. अधिक मोकळा मार्ग ‘आम्ही’चा. ‘आम्ही आलो’ हे स्त्रियाही म्हणतात, पुरुषही म्हणतात. शिवाय फारसी गझलेत कवी स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो हा जुना रिवाज आहे, तेव्हा ही उसनवारी मुळीच परकी नाही. म्हणून जेथे कर्तृत्व बरेचसे निश्चित आहे, त्या रचनांत आम्ही स्त्रीलिंगी ‘मी’ ठेवला, आणि त्या एका गझलेत ‘आम्ही’.

हा तोडगा शेवटच्या द्विपदीपर्यंत चालतो. तेथे कवी स्वतःला नावाने, तृतीय पुरुषात, संबोधतो. आणि मराठीत नाव आले की क्रियापदाला लिंग हवेच. आमच्या वहीत त्या जागी दोन दिवस कोरी ओळ होती. अखेर तेथे ‘ताहिरा’ हेच नाव लिहिले, क्रियापद स्त्रीलिंगी केले, आणि खाली बारीक अक्षरांत टीप जोडली की नाममुद्रेचा पाठ वादग्रस्त असून काही अभ्यासक ही रचना पूर्वीच्या कवीची मानतात. संपादकांनी या गझलेचा अनुवाद पुढेमागे छापण्याचे मनात आणले, तर त्यांना आमची विनंती एवढीच की जागेअभावी काही गाळावे लागल्यास एखादी द्विपदी गाळावी, ती टीप गाळू नये.